जिन्यातला डबा

३ डिसेंबर, मंगळ.

सुमी आली. एकाच पायात चप्पल. निरगुडसरहून मंचर, मंचरहून इथं अवसरीला, दोन एस.टी. बदलून, उभ्याने. वैशालीने दार उघडलं तर तिला क्षणभर नणंद ओळखूच आली नाही. डावा डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला, उजव्या कानातलं ओढून काढलेलं, पाळीवर रक्त वाळून काळं झालेलं.

"दादा, ईशू तिथंच राहिली."

एवढंच बोलली. ईशू आठ वर्षांची. शाळेत होती म्हणून राहिली.

पाणी प्यायली. फोन बंद पडला होता तो चार्जिंगला लावला. पाऊण तासात दारात राजेंद्रराव. तिचा नवरा. आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं.

वैशालीने विचारलं, "तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगाय कशाला पायजे? फोन लागला न्हवं का तिचा तुमच्या वायफायला. ह्ये बघा." मोबाइल वर धरला. आमच्या घरातलं सगळं त्याच्या हातात ओळीने: टीव्ही, माझा लॅपटॉप, वैशालीचा फोन. सर्वात खाली ‘सुमन’.

या भागातल्या पाच-सहा गावांत इंटरनेट त्याचं. आमच्या भिंतीवरचा राउटरही त्यानेच लावलेला.

मग केस धरून तिला ओट्यावरून खाली ओढलं. तीन पायऱ्या. डोकं प्रत्येक पायरीला लागल्याचा आवाज आला. मी मधे पडलो, कोपर छातीत बसलं, चष्मा गेला. आरडाओरडा ऐकून समोरचे पारसकाका दुकानातून आले. कापडाचं दुकान त्यांचं. "राजाभाऊ, असू द्या, रस्त्यावर शोभत नाही," म्हणाले. रस्त्यावर शोभत नाही, एवढंच. पण तो थांबला.

जाताना मला म्हणाला, "नेट माझं, डबा माझा, बायको माझी. सर, तुमी नुसती लाइट देता."

झोपण्याआधी हे लिहायलाच हवं: त्याला दारात बघितल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "या राजेंद्रराव, बसा." तिचं रक्त पुसलेलं फडकं तेव्हा माझ्या हातात होतं.

४ डिसें.

दवाखाना. भुवईला तीन टाके. मग पोलीस ठाणं. ड्यूटीवरच्या हवालदारबाई बऱ्या वाटल्या. तक्रार घेतली. म्हणाल्या, "याआधी कधी कधी मारलं त्याच्या तारखा द्या. तारखांनी केस उभी राहते."

सुमी म्हणाली, "तारखा कुठं लिहून ठेवायच्या, ताई."

मला माझ्या वह्या आठवल्या.

घरी येऊन गेल्या वर्षीची वही काढली. भाऊबीजेचं पान जसंच्या तसं उतरवतो:

‘सुमी, राजेंद्रराव, ईशू जेवायला. सुमीच्या हनुवटीखाली निळं. बाथरूममध्ये घसरली म्हणते. राजेंद्ररावांनी जिन्यात आळीच्या नेटचा डबा बसवला. आता आपल्याला नेट फुकट. बासुंदी चांगली झाली होती.’

त्याच क्रमाने लिहिलंय. आणखी शोधलं तर चार पानं सापडली. ‘हात भाजला म्हणते.’ ‘मनगट लचकलंय.’ सगळीकडे ‘म्हणते’. फिजिक्स शिकवतो मी. हनुवटीखाली घसरून लागत नाही, हे मला समजायला हवं होतं. समजलं होतंच. म्हणूनच तर ‘म्हणते’ घातलं.

६ डिसें., शुक्र.

त्याचा मेसेज, सकाळी दहाला: ‘सर वकील शोधताय वाटतं. त्या बाईंची फी लई हाय.’

वैशालीने घरच्या लॅपटॉपवर वकीलबाईंचं पान उघडलं होतं, साडेनऊला. अर्ध्या तासात याला पत्ता.

वैशालीने राउटरची पिन ओढून काढली. म्हणाली, "एवढा डोळा लावून बसलाय हा आपल्या घरात, आणि आपण त्याला वर्षभर चार्जिंग देतोय."

खरंय. जिन्याखाली लोखंडी कपाट आहे. त्यात आळीतल्या चाळीस घरांच्या वायरी येऊन मिळतात. वीज आमची, त्याबदल्यात नेट फुकट. त्यातच बिबट्याच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. आळीच्या मागे ऊस आहे, गेल्या साली दोन शेळ्या आणि एक कुत्रं गेलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून कॅमेरे लावून घेतले. एक आमच्या अंगणावर, तुळशीच्या वर. आळीतल्या सगळ्यांच्या फोनवर ते चित्र दिसतं. कपाटाची एक किल्ली त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

नेट सोडून देता येणार नाही. वैशालीचं अंगणवाडीचं काम त्यावर, माझ्या विद्यार्थ्यांचे पेपर त्यावर. गावात मोबाइलला रेंजच्या दोन कांड्या, त्याही गच्चीवर. दुसरी कंपनी आमच्या आळीत येत नाही. तो येऊ देत नाही.

जुन्नरच्या इक्बालभाईंना फोन केला. कॉलेजचे संगणक तेच बघतात.

८ डिसें., रवि.

इक्बालभाई सकाळीच आले. पिशवीतून वहीएवढा छोटा संगणक, मागे वायरींच्या दोन खाचा. जुना पण चांगला. म्हणाले, "सर, ह्याला फायरवॉल म्हणायचं. एक वायर बाहेरची, एक घरातली. मधे हा बसणार. बाहेरून कुणी डोकावलं तर याचीच पाठ दिसंल."

कनेक्शनचा पासवर्ड राजेंद्रकडे. सुमी आतून म्हणाली, "ईशूचं नाव आणि एक दोन तीन. सगळीकडं तेच घालतात." तेच निघालं. इक्बालभाईंनी मान खाली घालून टाइप केलं.

मग जुन्या राउटरच्या पोटावरचा नंबर नव्याला दिला. त्याच्या बाजूने बघितलं तर जुनाच डबा चालू आहे असं दिसणार. घरातली नावं मात्र एकही दिसणार नाहीत. आम्ही कोणती पानं उघडतो तेही नाही. वायफायचं नाव नवं, पासवर्ड नवा.

जिन्यातलं कपाट उघडून इक्बालभाईंनी विचारलं, "ह्या कॅमेऱ्याचं काय करू? ह्याची वायर तर सरळ त्यांच्या डब्यात जाते. फायरवॉलच्या बाहेरच राहतोय."

मी म्हणालो, "तो आळीचा आहे. राहू द्या."

वैशाली म्हणाली, "अहो, नक्की?"

"चाळीस घरांनी मिळून लावलाय. आपल्या भांडणात कशाला."

इक्बालभाई जाताना फायरवॉलकडे बघत हसून म्हणाले, "सर, तुमच्यासारखाच हाय हा. कोण कधी कुठं गेलं, सगळं लिहून ठेवतो." मला गंमत वाटली. चहा झाला. पाच दिवसांत पहिल्यांदा सुमी जेवली.

१० डिसें.

सगळं चालू. त्याने लाइन कापली नाही. चिडेल, तोडेल, असं वाटलं होतं. काहीच नाही. मी वैशालीला म्हटलं, घाबरला असेल.

१२ डिसें., गुरु.

फायरवॉलची नोंद रोज संध्याकाळी उघडून बघतोय. बाहेरून किती जणांनी दार ठोठावलं ते बघायला, असं स्वतःला सांगतो. पण त्यात घरातल्यांचंही असतं. वैशालीने दुपारी काय बघितलं. सुमीचा फोन कधी जागा होता.

बहिणीचा फोन कधी जागा असतो हे मला का कळावं? पान बंद केलं. परत उघडलं. परत बंद केलं. हे इथं लिहून ठेवलं म्हणजे मी प्रामाणिक ठरतो का, माहीत नाही.

१४ डिसें.

ठाण्यातून फोन, त्याला समज देऊन सोडलं. वकीलबाईंकडे सोमवारी संध्याकाळची वेळ. ईशूचा ताबा आधी मागायचा म्हणतात. सुमी ईशूचं नाव निघालं की उठून आत जाते.

१६ डिसें., सोम.

नीट लिहायचा प्रयत्न करतो.

मी कॉलेजात. वैशाली साडेदहाला अंगणवाडीत. सुमी घरात एकटी, दार आतून बंद. अकराला धुणं वाळत घालायला अंगणात आली. तो मागच्या उसातून आला. गाडी लांब लावली होती. हातात केबलचं वेटोळं, खांबावरून घरात आणतात ती, आत पोलादी तार असते.

पहिला फटका पाठीवर. ती पडली. मग पायांवर, पाठीवर, तोंडावर. डोकं वाचवायला डावा हात वर धरला त्यावर बुटाने. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं म्हणते. (इथंही ‘म्हणते’ आलं. खोडत नाही. पण ऐकू आलंच असणार.) "कुठं पळशील, कुठं पळशील," एवढंच म्हणत होता, दमल्यासारखा. वाळत घातलेली ओढणी तिच्या गळ्याभोवती टाकली आणि ओढत उसाकडे न्यायला लागला.

वैशाली रजिस्टर विसरली म्हणून परत आली. नाहीतर.

तिने ओट्यावरून खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. तो वळला, तिला लाथ मारली. तिने दुसरा घातला, तो कानाजवळ बसला. तेव्हा तो पळाला. जाताना कॅमेऱ्याकडे बघून थुंकला.

अकरा मिनिटं चाललं होतं हे सगळं. भर दिवसा. आळीत एक दार उघडलं नाही.

दवाखान्यात सुमीच्या पाठीवर वळ मोजायला लागलो आणि थांबलो. हात दोन ठिकाणी मोडलाय. गळ्यावर ओढणीची रेघ.

ती एकटी आहे हे त्याला कळलं कसं?

१७ डिसें.

दवाखान्यातच जबाब झाला. गुन्हा नोंदवला. तो घरी नाही, फोन बंद. शोधतायत. सुमीला संध्याकाळी घरी आणलं. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत.

एकच प्रश्न डोक्यात. फायरवॉल नीट आहे. इक्बालभाईंनी फोनवरून तपासलं, कुणी आत आलेलं नाही. म्हणजे आतून कुणीतरी सांगितलं.

नोंद उघडली. काल सकाळी १०.२० ते १०.५८, सुमीचा फोन एकाच पत्त्याशी जोडलेला. परवाही. त्याआधीच्या प्रत्येक दिवशी, सकाळ-संध्याकाळ. पत्ता इक्बालभाईंना वाचून दाखवला. ते म्हणाले, "सर, हे त्यांच्या निरगुडसरच्या घरचं कनेक्शन हाय."

१८ डिसें., बुध.

हे लिहिलं नाही तर ही वही फेकून द्यावी लागेल.

सकाळी सुमी अंगणात ऊन घेत बसली होती. मी फोनवर ती नोंद घेऊन गेलो. म्हटलं, "रोज बोलत होतीस त्याच्याशी?"

"न्हाई, दादा."

"खोटं बोलू नकोस. इथं लिहिलंय. दहा वीस ते दहा अठ्ठावन्न. तूच सांगितलंस ना, घरात कुणी नाही म्हणून? आम्ही इथं मरतोय तुझ्यासाठी आणि तू..."

"दादा, ऐक तर..."

मी मारलं. उजव्या हाताने, तोंडावर, जिथं टाके होते त्या बाजूला.  प्लास्टरचा हात वर केला आणि डोकं आत घेतलं. सवयीने. लगेच, नेमकं, सराव असल्यासारखं. ते बघून माझा हात परत वर गेला होता तो तसाच राहिला. दुसरी मारणार होतो का? होय. मारणार होतो.

वैशालीने मला ढकलून बाजूला केलं.

मग सुमीने तिचा फोन दाखवला. निरगुडसरच्या घराचा कॅमेरा. त्यांचं अंगण, मोटरसायकल, नळ. "दहा वीसला ईशू शाळेला निघते. वेणी नीट घालत न्हाईत तिची. एकच घालतात. मग ती नळापाशी बसून सोडती आणि दोन घालायला बघती, तिला येत न्हाई. संध्याकाळी परत येती ते. तेवढंच बघते मी. बोलत न्हाई कुणाशी."

सोमवारी ईशू उशिरा निघाली होती. म्हणून १०.५८.

संध्याकाळी पाचला अनोळखी नंबरवरून आवाजाचा मेसेज. त्याचा. शब्द तसेच लिहितो:

"सर, बरं केलंत. बघितलं मी, तुळशीपाशी. माझ्या हातनं बी असंच व्हतंय बघा, डोकं फिरलं की. आता तुमाला समजलं आसंल. आपुन दोघं बसू, बोलू. बायांना मधी घ्यायचं न्हाई."

तुळशीपाशी. कॅमेरा. मीच म्हणालो होतो, राहू द्या. त्याने लाइन का कापली नाही ते आत्ता कळलं. अंगण दिसत होतं त्याला. मी जातो कधी, वैशाली जाते कधी, धुणं वाळत घालायला कोण येतं. फोनची नावं बंद केली मी. दार लावून खिडकी उघडी ठेवली तसं.

जिन्याखाली गेलो, कपाट उघडलं आणि सगळ्या पिना उपटल्या. चाळीस घरं.

१९ डिसें.

सकाळी सातपासून माणसं दारात. पारसकाका पुढे, मागे दहा-बाराजण.

"सर, नेट कधी येणार? माझं दुकानाचं सगळं त्यावर."

"पोरीचा ऑनलाइन फॉर्म भरायचाय, आज शेवटची तारीख."

"तुमच्या घरच्या भांडणात आमचं कशाला?" हे आठ तारखेचं माझंच वाक्य, उलटं होऊन आलं.

पारसकाका म्हणाले, "आणि कॅमेरे बंद. ऊस तोडायला लागलेत, बिबट्या बाहेर पडतोय. उद्या अंगणात आला तर?"

वैशाली आतून आली. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, शब्द नाही. ओट्यावर उभी राहिली.

"आला की, काका. सोमवारी अकराला आला. अकरा मिनिटं होता अंगणात. तुमच्या सगळ्यांच्या फोनवर दिसत होता. कुणी कुणी बघितला, हात वर करा."

 एकाने स्वतःच्या चपलांकडे बघितलं. पारसकाका दोन पावलं मागे सरकले.

"आणि काल?" वैशाली माझ्याकडे न बघता म्हणाली. "कालचाही बघितला असेल."

म्हणजे सगळ्यांनी. आळीने दोन्ही बघितलं. फोनवर, जेवता जेवता, आवाज बंद करून.

माणसं गेली. मी कपाटात परत पिना लावल्या, आमच्या अंगणाचा कॅमेरा सोडून. त्या मुलीचा फॉर्म डोळ्यांसमोर येत होता. चुकलं का? वैशालीला विचारलं. तिने उत्तर दिलं, कालपासूनचं पहिलं: "बत्ता दाराजवळ ठेवलाय. कुणासाठी ते विचारू नका."

२१ डिसें., शनि.

सकाळी नऊ. पिकअप येऊन दारात थांबली. त्याची दोन माणसं, एकाच्या हातात पहार. तो स्वतः आत बसलेला, कानाला पट्टी, काच अर्धी वर.

"मालकाचा डबा न्यायचाय. रेकॉर्डरबी."

मी म्हणालो, किल्ली देणार नाही. पहारवाल्याने उत्तर दिलं नाही, सरळ जिन्याच्या दारावर पहिला घाव घातला. बिजागरी उडाली. मी दारात आडवा झालो. पहारेचं टोक मांडीत गेलं. आधी दुखलं नाही, पाय ओला लागला फक्त. दुसरा माझी कॉलर धरून डोकं भिंतीवर आपटत होता, मोजून, एक, दोन. मी त्याच्या अंगठ्याला चावलो. हाडापर्यंत. सोडावंसं वाटत नव्हतं. त्याचं ओरडणं ऐकून मला बरं वाटलं हेही लिहितो.

तेवढ्यात पारसकाका आले. सत्तरी ओलांडलेली, धोतर, पायात काही नाही. धावत आले होते. माझ्या अंगावरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसले, गुडघे जवळ घेऊन.

"मी बसलोय. हाणा पहार. आधी माझ्या डोक्यात."

"काका, उठा हितनं. तुमचा काय संबंध?"

"संबंध सोमवारी होता," म्हणाले. "तेव्हा नाही आलो. आज आलोय."

मग त्यांच्या दुकानातली बाई, मग फॉर्मवाल्या मुलीचा बाप, मग आणखी. कुणी काही केलं नाही, नुसते येऊन उभे राहिले. फोन मात्र सगळ्यांचे वर. राजेंद्र गाडीतून ओरडला, "ए, चला रं." पिकअप मागे घेताना तुळशीवृंदावन पाडून गेली.

मांडीला सहा टाके. पोलिसांनी पिकअप मंचरच्या अलीकडे धरली. तो आत आहे. किती दिवस, ते कुणी सांगत नाही.

२३ डिसें.

वकीलबाई घरी आल्या. म्हणाल्या, रेकॉर्डर सोन्यासारखा आहे. पंचनामा करून उद्या पोलिसांच्या हवाली करा. आणि तारखांसाठी तुमची रोजनिशी. दोन्ही मिळालं तर ईशूचा ताबा अवघड नाही.

त्या गेल्यावर इक्बालभाईंना बोलावलं. रेकॉर्डर बघितला. सोळा तारीख आहे, पूर्ण. अठरा तारीखही आहे. माझा हात वर जाताना दिसतो. त्याचा आणि माझा हात वर जायची तऱ्हा वेगळी नाही.

इक्बालभाईंनी चित्र थांबवलं. मग हळू म्हणाले, "सर, सोळाची अकरा मिनिटं वेगळी काढून देतो पेनड्राइव्हवर. बाकीचं कोण मागतंय?"

समोरचा वकील मागेल. भाऊही मारतो, मग मुलीला तिथं कशाला पाठवायचं, म्हणेल. बरोबरच म्हणेल. अठरा तारीख दिली तर ईशू जाऊ शकते. नाही दिली तर मी जे आयुष्यभर मुलांना शिकवतो, नोंद बदलायची नाही, ते मोडतं. पण हे तत्त्व कुणाच्या जिवावर? माझी सचोटी राहावी म्हणून तिची पोरगी जाऊ द्यायची? की उलट, ईशूच्या नावाखाली मी स्वतःलाच वाचवतोय?

इक्बालभाईंना म्हटलं, थांबा.

२४ डिसें.

सुमीला सांगितलं सगळं. वहीची पाच पानंही वाचून दाखवली, बासुंदीसकट. मग अठरा तारखेचं पान.

ती खूप वेळ प्लास्टरवरचा धागा ओढत होती.

"वाचताना तुझा आवाज कापला न्हाई," म्हणाली.

मग म्हणाली, "दोन्ही दे, दादा. त्यांचं आणि तुझं. सगळं. मी कोर्टात सांगीन, दोघांनी मारलं. एकानं अकरा वर्षं आणि एकानं एकदा. आणि तिसरं सांगीन की मी आता कुणाच्याच घरात राहणार न्हाई. ईशूला घेऊन मंचरला खोली बघते. वहिनी बघत्यात."

"आणि ईशू नाही मिळाली तर?"

"तर तू लिहून ठेव."

दुपारी पोलीस आले, पंच म्हणून पारसकाका. रेकॉर्डर सील केला. गेल्या वर्षीच्या वहीवर माझी सही, प्रत्येक पानावर. शिवाय ही पानं वकीलबाई उद्या घेऊन जातील.

२ जानेवारी, गुरु.

उद्या कोर्टात तारीख. ईशूलाही आणायला सांगितलंय.

आज सकाळी सुमी लॅपटॉपवर फायरवॉलचं पान उघडून बसली होती. एका हाताने टाइप करत, फोनवर इक्बालभाई, "हां ताई, आता सेव्ह." मी चहा घेऊन गेलो तर स्क्रीन झाकला नाही, पण बोलणं थांबवलं. मी बाहेर आलो.

दुपारी लॅपटॉप उघडला, वायफायला जोडला गेला नाही. वैशालीचा फोन चालतोय. टीव्ही चालतोय. वैशालीच्या फोनवर नोंदीचं पान उघडून बघितलं तर तेही नवा पासवर्ड मागतं.

सुमी स्वयंपाकघरात एका हाताने ईशूसाठी शेंगदाण्याचे लाडू वळायला बघत होती. लाडू फुटत होते. परत घेत होती.

मी पासवर्ड विचारला नाही. समोर जाऊन बसलो, तिने ताट माझ्याकडे सरकवलं. वळायला लागलो.